पंचावन्न घोडे, चोपन्न माणसे

ठाण्यात मी कुठूनही चालायला सुरुवात केली, तरी बहुतेक वेळा शेवटी मध्यवर्ती कारागृहाच्या तटापाशी येऊन थांबते. हा एकेकाळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. बांधकाम पुरे होण्याआधीच, १७३७ च्या मार्चमध्ये, चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला, तो आजतागायत तुरुंगच आहे. इतर किल्ल्यांवर आपण डबे बांधून जातो, बुरुजावर उभे राहून वारा खातो, पोरांना इतिहास सांगतो. भर गावातल्या या किल्ल्याला मात्र ठाणेकर फक्त बाहेरून ओळखतो आणि रिक्षावाल्याला ‘जेलपाशी सोडा’ एवढेच सांगतो.

गेली अकरा वर्षे मी दर रविवारी सकाळी ठाण्यात पायी हिंडते आणि जे दिसते, ऐकू येते आणि घरी येऊन वाचल्यावर जुळते, ते लिहिते. व्यवसायाने मी मुद्रितशोधक आहे. मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला एक सवय लावून घ्यावी लागते: वाक्याच्या अर्थात वाहून जायचे नाही, अक्षर न् अक्षर पाहायचे, कारण अर्थ कळला की डोळा चूक गाळून पुढे सरकतो. रस्त्यावर चालतानाही मला हीच सवय उपयोगी पडली. जन्मापासून तोंडात बसलेली गावातली नावे मी प्रथमच अक्षर लावून वाचू लागले, तेव्हा ती बोलू लागली. उथळसर हे नाव मी हजारो वेळा उच्चारले असेल, पण ‘उथळ’ आणि ‘सर’ हे दोन शब्द वेगळे करून पाहायला मला पस्तिशी ओलांडावी लागली. सर म्हणजे तळे. खारटन रोडवरून मी शाळेत असताना रोज जात होते. खारट पाण्याने भिजणारी ती जमीन आहे, हे नावातच सांगितलेले होते. पूर्वेचा मीठबंदर रोड तर आपली सगळी हकीकत दोन शब्दांत सांगून टाकतो. आणि पाचपाखाडीतली पाखाडी ही कोकणातली पाखाडी आहे, वस्तीचा एक तुकडा. आज तिथे महापालिकेचे मुख्यालय आहे म्हणून ती काही मुळातली पेठ ठरत नाही.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. साठ तळी होती असे जुनी माणसे सांगतात, आज पस्तीसच्या आसपास मोजतात. उरलेली कुठे गेली, हे शोधायची माझी रीत अगदी साधी आहे आणि ती मला पावसाने शिकवली. जूनमध्ये पहिला दणका देणारा पाऊस पडला की मी छत्री घेऊन बाहेर पडते आणि पाणी कुठून कुठे जाते ते बघत चालते. डांबराखाली, पेव्हर ब्लॉकखाली आणि सिमेंटच्या गटारांखाली जमिनीचा जुना उतार तसाच असतो. रोज सपाट वाटणारा रस्ता त्या दिवशी सपाट राहत नाही. एका कोपऱ्यावर दोन्हीकडून पाणी येऊन मिळते, घोट्यापर्यंत चढते आणि तासभर हलत नाही. तिथल्या दुकानदाराला विचारावे. तो म्हणतो, दर वर्षी इथेच भरते. त्याच्या वडिलांना विचारावे. ते म्हणतात, इथे म्हशी बसायच्या.

उथळसरमध्येच जोगिला तलाव होता. तो भरत गेला, त्यावर घरे उभी राहिली, आणि आमच्या पिढीला जोगिला हे नाव फक्त पत्त्यात माहीत होते. काही वर्षांपूर्वी तिथली घरे हटवून तळे पुन्हा मोकळे करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. मी ते पाहायला गेले होते. उकरलेल्या काळ्या मातीत स्टीलचा एक पेला रुतलेला होता, कडेने थोडा चेपलेला, आणि त्यावर घरातल्या भांड्यांवर असते तसे नाव टिंबाटिंबांनी कोरलेले होते. नाव वाचता येत होते, पण मी ते वहीत लिहून घेतले नाही. तळे परत यावे असे मला मनापासून वाटते, आणि ज्या घरातला तो पेला होता, त्या घरालाही त्या जागेच्या इतिहासात एक ओळ मिळाली पाहिजे असेही तितक्याच मनापासून वाटते. जुना इतिहास शोधणारी माणसे पुष्कळदा मधल्या पन्नास वर्षांवरून झाडू फिरवतात, ते मला पटत नाही.

पायी चालून लिहिण्यात चुका होतात, आणि माझी एक चूक इथे सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या आळीत, पडक्या जोत्यापाशी, मला एक मोठा घडीव दगड दिसला. त्याच्या एका अंगाला अर्धगोल, सरळ, बोटभर रुंद खाच होती. शिलाहारांच्या काळातल्या एखाद्या स्तंभाचा तो तुकडा असावा, असे मी मोठ्या आनंदाने लिहून टाकले. महिनाभराने त्याच आळीत पाट्यावरवंट्याला टाकी लावून देणारे एक पाथरवट भेटले, त्यांना मी तो दगड दाखवला. त्यांनी खाचेत करंगळी घातली, वरपासून खालपर्यंत ओढली आणि म्हणाले, “ताई, हे सुरुंगाचं भोक आहे. दगडाला पहार मारून भोक पाडतात, दारू ठासतात, उडवतात. दगड फुटला की अर्धं भोक या तुकड्याला राहतं, अर्धं त्या तुकड्याला.” म्हणजे तो दगड दारूने फोडलेल्या खाणीतला होता, हजार वर्षांपूर्वी घडवलेला तो असणे शक्यच नव्हते. रूळ, पूल, कचेऱ्या आणि शाळा बांधल्या गेल्या, त्या काळाशी त्याची सोयरीक. तेव्हापासून दगड दिसला की मी आधी करंगळी घालून पाहते. चराईतल्या दगडी शाळेकडे, रेल्वेच्या जुन्या बांधकामांकडे पाहण्याची माझी नजर त्या एका वाक्याने बदलली.

रेल्वेविषयी फार लिहीत नाही, कारण ते प्रत्येकाला पाठ आहे: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. स्टेशनात त्याचे स्मरण आहेच. मला मात्र त्या गाडीत बसलेल्या चारशे जणांपेक्षा ती येताना बघणाऱ्यांची अधिक उत्सुकता वाटत आली आहे. स्टेशनाला अगदी लागून चेंदणी कोळीवाडा आहे, काही घरे रुळांच्या या अंगाला आणि काही त्या. एका रविवारी पूर्वेला, वाळत घातलेल्या जाळ्याशेजारी सुकट निवडत बसलेल्या एका मावशींना मी विचारले, की स्टेशनाच्या इतक्या जवळ कोळीवाडा कसा वसला. त्यांनी मान वर न करता सांगितले, “कोलीवारा वसला नाय गो बाय, टेसन वसलं. आमची होरी पयली, गारी मागशी आली.” मी वहीत जे ‘कोळीवाड्याचे स्थान’ असे शीर्षक लिहून ठेवले होते ते तिथेच खोडले. १ मे १८५४ रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली, तेव्हा ज्या पाण्यावरून ती गेली त्या पाण्यात या लोकांची जाळी होती, हे सांगायला कुठल्याही स्मारकाची जरूर पडू नये, पण चालत गेल्याशिवाय ते कळतही नाही.

स्टेशनातून बाहेर पडून जांभळी नाक्याकडे आले की कौपिनेश्वराचे देऊळ आणि मासुंदा तळे, म्हणजे आपली तळावपाळी. आजचे देऊळ पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधवले. तळ्याच्या काठावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. ख्रिस्ती जगात ठाण्याचे नाव त्याही कितीतरी आधी, १३२१ साली पोचले होते, आणि ते एका दुःखद घटनेमुळे. होर्मुझहून कोल्लमला निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू वाऱ्याने ठाण्याच्या बंदराला लागले, इथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती घरांत उतरले आणि काझीपुढे झालेल्या धर्मवादानंतर एप्रिल महिन्यात मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा साधू इथे आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनला गेला. तळावपाळीवर भेळ खात बसले की चौदाव्या शतकातल्या ठाण्याची अस्थी चीनमध्ये गेली हे खरे वाटत नाही, पण अल्बेरुनीने कोकणची राजधानी म्हणून ‘ताना’ नोंदवले आणि मार्को पोलोने इथल्या चामड्याच्या, सुती कापडाच्या आणि चाच्यांच्या गोष्टी लिहिल्या, त्यापुढे हे नवल नाही. बंदरच होते ते.

तिथून टेंभी नाक्याला निघावे. चालत दहा मिनिटांच्या आत १७८० सालची पारशी अग्यारी आणि १८७९ सालचे ‘शार हाशामाईम’ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, दोन्ही लागतात. ‘शार हाशामाईम’ म्हणजे स्वर्गाचे द्वार. इथले ज्यू म्हणजे बेने इस्रायल, कोकणात उतरलेले आणि तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. घरात मराठी बोलणारा हा समाज आपल्या कबरींवरही हिब्रूच्या जोडीने मराठी कोरतो. माझ्या आईच्या वर्गात या समाजातल्या दोन मुली होत्या. पन्नास वर्षांनी एकीचे पत्र आले, ते इस्रायलमधल्या अश्दोदहून, पण अक्षर आणि भाषा दोन्ही चराईची.

हे सगळे हिंडून झाल्यावर काही वर्षांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला अजून टोचते. ठाण्याचा जुना इतिहास ठाण्याच्या हातात फार थोडा राहिला आहे. तो लिहिला गेला तो दुसऱ्यांच्या वहीत, दुसऱ्यांच्या भाषेत: साधूंच्या लॅटिन पत्रांत, अरबी भूगोलात, पोर्तुगीज दप्तरांत आणि अखेर इंग्रजांच्या १८८२ च्या गॅझेटिअरात. १८६६ मध्ये ठाण्यात ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र निघाले, १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले; मराठी पुस्तक जपून ठेवायला पाहिजे ही जाण या गावाला फार लवकर आली. तरीही गावाच्या स्वतःच्या पूर्वायुष्याचे कागद शोधू लागले की मी पुनःपुन्हा इंग्रजी पानावर जाऊन पोचते. संग्रहालयाच्या वाचनकक्षात बसून ती पाने वाचायची, मराठीत टिपणे काढायची आणि ती टिपणे हातात घेऊन पुन्हा रस्त्यावर यायचे, हा माझा क्रम आहे. पायाखाली जागा असली की परक्या भाषेतले वर्णन मराठीत परत येते, हा माझा अनुभव आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण किल्ल्यातच सापडते, आणि एक नाही, दोन.

पहिले जमिनीखालून निघाले. १७८७ मध्ये इंग्रज किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खोदत असताना ताम्रपट मिळाले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे १०१७ साली, दिलेल्या गावांचे ते दानपत्र. त्यात या नगराचे नाव ‘श्रीस्थानक’ असे आहे. आपल्या गावाचे नाव हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेले, ते आठशे वर्षे त्या मातीत होते, आणि वर आले तेव्हा राज्य तिसऱ्याचेच होते. रामलोचन पंडितांनी अर्थ लावून दिला, आणि कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ सालच्या पहिल्या खंडात त्याचे इंग्रजी छापले गेले. ठाणेकराने हे दानपत्र वाचायला घेतले, तेव्हा ते आधी इंग्रजीत छापून झालेले होते.

दुसरे उदाहरण भिंतीवरून आले, आणि तेच मला गेली कित्येक वर्षे तटापाशी आणून उभे करते.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा आळ त्र्यंबकजीवर आला, आणि पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या दडपणाखाली पेशव्याने त्याला इंग्रजांच्या हवाली केले. इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई नेमले. ही खबरदारीच त्यांच्या अंगाशी आली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घोड्याला एक मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, होता. तो रोज मालकाचा घोडा फेरायला बाहेर काढी आणि त्र्यंबकजीच्या खिडकीखालून येता-जाता सहज गुणगुणावे तसे गाणे म्हणे. बाहेर कोण कुठे थांबले आहे, केव्हा निघायचे आहे, सगळे त्या गाण्यात होते. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. त्यांना ते एका घोडेवाल्याचे गाणे वाटले. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्र्यंबकजी निसटला आणि पुढे कित्येक महिने नाशिक, संगमनेर, खानदेशाच्या डोंगराळ मुलखात माणसे जमवत राहिला. त्यावरून पेशव्यावर दडपण वाढत गेले, जून १८१७ चा पुण्याचा तह झाला, आणि वर्षभरात राज्यच गेले. १८१८ मध्ये त्र्यंबकजी पुन्हा पकडला गेला. त्याला दूर गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवले, तिथेच तो वारला.

त्र्यंबकजीविषयी मला फारसे प्रेम नाही, आणि त्याच्यावरच्या आरोपाचा निवाडा करायलाही मी बसलेली नाही. माझे लक्ष आहे ते त्या मोतद्दाराकडे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याचे गाणे मात्र राहिले, आणि कुठे राहिले तर कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या रोजनिशीत. १८२४ मध्ये हेबर गंगेवरून प्रवास करत असताना चुनारला थांबले होते आणि तिथे त्यांनी कैदेतल्या त्र्यंबकजीला पाहिले. पुढच्या वर्षी, जुलै १८२५ मध्ये, ते ठाण्याला नव्या चर्चच्या अभिषेकासाठी आले. हे चर्च म्हणजे आजचे सेंट जेम्स, तुरुंगापासून चालत काही मिनिटांवर. ठाण्यात त्यांना त्या पलायनाची हकीकत आणि मोतद्दाराचे गाणे ऐकायला मिळाले. ते स्वतः कवी होते, त्यांनी त्याच्या आठ इंग्रजी ओळी केल्या. एप्रिल १८२६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि १८२८ मध्ये ती रोजनिशी छापली गेली. अशा रीतीने ठाण्याच्या भिंतीखाली म्हटलेले एक मराठी गाणे जगात फक्त इंग्रजीत शिल्लक राहिले.

त्या ओळींचा आशय असा: झुडपांआड तिरंदाज दडले आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, रानवाटेने माझ्याबरोबर येईल असा स्वार कुठे मिळेल? तिथे पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न माणसे. पंचावन्नावा घोड्यावर बसेल तेव्हा दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील.

मी मुद्रितशोधक असल्यामुळे या आठ ओळी मी खूप वेळा, अक्षर लावून वाचल्या आहेत. इंग्रजी कवितेची झाक कुठे आहे ते दिसते. रानवाटेने बरोबर येणारा तो शूर सरदार मला बिशपांच्या देशातला वाटतो, मोतद्दाराच्या तोंडचा वाटत नाही. तिरंदाज असतील, डोंगरातले भिल्ल घोड्यांशेजारी थांबले असणे सहज शक्य आहे. पण सर्वांत खरा वाटतो तो आकडा. पंचावन्न आणि चोपन्न. हे दोन आकडे इंग्रजीत म्हणून पाहिले तर त्यात काही विशेष नाही, जेमतेम ओळीत बसतात. मराठीत म्हणा. पंचावन्न घोडे, चोपन्न माणसे. दोन्ही शब्द ‘न्न’वर येऊन टेकतात, घोड्याची टाप पडावी तसे. घोडा फेरत चालणाऱ्या माणसाच्या तोंडी हा जोड आपोआप बसतो, आणि एक माणूस कमी आहे हे सांगणारी खुबीही त्यातच आहे. बाकीचे गाणे बिशपांनी आपल्या भाषेत नेले असेल, हे दोन शब्द मात्र जसेच्या तसे आलेले आहेत, अशी माझी खात्री आहे. हरवलेल्या ओळी मराठीत नव्याने रचून द्या, असे मला दोघातिघांनी सुचवले. मी ते करणार नाही. जे शिल्लक आहे तेवढेच पुरेसे आहे, आणि त्यात भर घातली तर पुढच्या वाचणाऱ्याला खरे कोणते ते कळणार नाही.

या भिंतीने नंतर फार दुःख पाहिले. सह्याद्रीतल्या कोळी बंडकऱ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिले. कान्हेरे अठराच्या आसपासचे होते. त्या तिघांची नावे आपण घेतो, घेतलीच पाहिजेत. मला वाटते, ज्याच्या गाण्याने एक माणूस या तटाबाहेर जिवंत गेला, त्या निनावी मोतद्दाराचाही उल्लेख त्याच दमात व्हावा.

मागच्या सप्टेंबरात मी पुतणीला बरोबर घेऊन गेले. ती बारावीला आहे, इतिहास तिचा विषय नाही, पण तिला चालायला आवडते. पाऊस पडून गेला होता, तटाचा काळा दगड ओला होता आणि फटींतून नेचे उगवले होते. पूर्वी इथवर खाडीचे पाणी जवळ होते; आज मध्ये रस्ते आणि वस्ती आहे, आणि खाडी आहे हे फक्त वाऱ्याच्या वासावरून कळते. मी तिला सगळी गोष्ट सांगितली आणि भिंत कुठून कशी गेली असेल ते हाताने दाखवत होते. हातात मोबाइल पाहून पहाऱ्यावरचा शिपाई पुढे आला. “ताई, इथं फोटो काढायला मनाई आहे.” मी मोबाइल पिशवीत टाकला आणि आम्ही फोटो काढत नव्हतो, असे सांगितले.

“मग काय बघताय?”

काय सांगावे हे मला सुचेना. पुतणीने मात्र, मघाशी वाटेत म्हणत आली होती त्याच ठेक्यात, सरळ म्हणून टाकले, “पंचावन्न घोडे, चोपन्न माणसे.”

तो क्षणभर थांबला. बोटांनी काहीतरी मोजल्यासारखे केले आणि म्हणाला, “एक माणूस कमी आहे की. पंचावन्नावा कुठंय?”

पुतणीने त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट केले.